बदलीचा कागद

तुमचे प्रश्न, मावशीची उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की हल्ली मला क्रिकेटपेक्षा बेसबॉल जास्त आवडतो. संपादकांनी ती ओळ कापली नाही, आणि आता भोगतेय मी. पंधरवड्यात एकवीस पत्रं आली. एकही सुनेबद्दल नाही, गुडघ्याबद्दल नाही, सगळी बेसबॉलची! आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांतली निम्मी पोरं न्यू जर्सीला गेली की काय असं वाटतंच कधीकधी. पण त्यांचे आईबाप इथे पहाटे चार पस्तीसला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सामना सुरू होतो तेव्हा, चहाचं आधण ठेवून टीव्हीसमोर बसतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आमच्या गल्लीत त्या वेळी दूधवाला आणि मी असे दोघंच जागे.

नव्या वाचकांसाठी माझी पात्रता सांगते. विमा कार्यालयात चौतीस वर्षं कारकुनी. मुलगा एडिसनला. नातवाने एका उन्हाळ्यात सात नंबरच्या गाडीने न्यू यॉर्कच्या मेट्स संघाच्या मैदानावर नेलं आणि डोक्यावर निळी टोपी ठेवली. तेव्हापासून मी मेट्सची. एवढंच.

"आम्ही दोघे सख्खे भाऊ. माझा मुलगा बोस्टनला, धाकट्याचा सॅन फ्रान्सिस्कोला. २०२५च्या जूनमध्ये बोस्टनने राफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं, तेव्हापासून ओटल्यावर रोज भांडण. मी म्हणतो खेळाडू माजला होता, हा म्हणतो मालक लबाड. सेव-उसळीची पैज लागली आहे. निकाल द्या." (थोरले, दांडिया बाजार)

भाऊ, आधी ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. डेव्हर्स बोस्टनच्याच तालमीत वाढलेला, तिसऱ्या बेसवर (धाव काढताना फलंदाजाला ओळीने शिवावे लागणारे थांबे म्हणजे बेस) उभा राहणारा. २०२३च्या जानेवारीत त्याच्याशी दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला. दोन वर्षांनी तिसऱ्या बेससाठी अलेक्स ब्रेगमनला आणलं आणि याला सांगितलं, तू आता फक्त बॅटिंग कर. हा आधी रुसला, मग कबूल झाला. मे महिन्यात पहिल्या बेसवाल्याचा गुडघा गेला. पुन्हा सांगितलं, तू पहिल्या बेसवर उभा राहा. तेव्हा मात्र हा उघडपणे नाही म्हणाला. १५ जूनला बोस्टनने न्यू यॉर्कच्या यांकीज संघाला तिसऱ्या दिवशीही हरवलं, गाव आनंदात, आणि त्याच संध्याकाळी बातमी आली की डेव्हर्स गेला. उरलेला २५ कोटींहून जास्त डॉलरचा करार सॅन फ्रान्सिस्कोने अंगावर घेतला.

थोरले, तुमचं म्हणणं निम्मं खरं. एवढा पगार घेणाऱ्याने नाही म्हणू नये. पण माणसाला एका खुर्चीसाठी घ्यायचं, दोन वर्षांनी ती खुर्ची दुसऱ्याला द्यायची, आणि मग तो चिडला की "संघभावना नाही" म्हणायचं, हे मी कार्यालयात इतक्यांदा पाहिलंय की माझं मत आपोआप धाकट्यांकडे झुकतं. त्यात गंमत अशी की सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर हाच माणूस निमूट पहिल्या बेसवर उभा राहिला. म्हणजे अडचण बेसची नव्हती, सांगणाऱ्याची होती.

इथे एक शब्द सुचवते. तुम्ही सगळेजण पत्रांत "ट्रेड" लिहिता, काहीजण "सौदा", एकाने "अदलाबदल". आपल्याकडे याला घरगुती शब्द आहे: बदली. माझी दाहोदला झाली तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. कागद अजून डोळ्यांसमोर आहे: सायक्लोस्टाइल केलेला, शाई पुसट, रिकाम्या जागेत माझं नाव हाताने भरलेलं, आणि आडनावाची वेलांटी चुकलेली. सहा दिवसांत हजर व्हा. सही करताना साहेबांनी मान वर केली नाही. अडीच वर्षं अप-डाउन केलं, डबा गाडीत खाल्ला, मुलगा झोपेतून उठायच्या आत निघायचं आणि झोपल्यावर परतायचं. कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारायची पद्धतच नव्हती.

बेसबॉलच्या खेळाडूचंही तसंच. १९८२च्या ४ ऑगस्टला आमच्या मेट्सचा जोएल यंगब्लड दुपारी शिकागोत खेळला, हिट मारला, मध्येच त्याला बोलावून सांगितलं, तुझी बदली माँट्रियलला. माँट्रियलचा संघ त्या रात्री फिलाडेल्फियात होता. हा विमानतळाकडे धावला, हातमोजा शिकागोतच राहिला म्हणून परत आला, पुन्हा धावला, रात्री फिलाडेल्फियात मैदानावर उतरला आणि तिथेही हिट मारला. एका दिवसात दोन शहरांत, दोन संघांसाठी. वर्तमानपत्रांना ती गंमत वाटली. मला तो विसरलेला हातमोजा आठवत राहतो.

नाही म्हणायचा हक्क एकाच वाटेने आपोआप मिळतो: मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं, त्यातली शेवटची पाच त्याच संघात. करारात वेगळी अट लिहून घेतली असेल तर गोष्ट निराळी. डेव्हर्सची दहा भरली नव्हती. आणि एवढाही हक्क फुकट आला नाही. १९६९मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लड या खेळाडूची बारा वर्षांच्या नोकरीनंतर फिलाडेल्फियाला बदली केली. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा माणूस. त्याने लीगच्या प्रमुखांना पत्र लिहिलं की मी काही विकायची-घ्यायची वस्तू नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, तोवर त्याची कारकीर्द संपली होती. पुढच्याच वर्षी दहा-पाचचा नियम आला आणि १९७५मध्ये एका लवादाने करार संपल्यावर खेळाडू मोकळा असं ठरवलं. आज कोट्यवधी घेणारे सगळे फ्लडच्या जिवावर घेतात. त्याला स्वतःला यातलं काही मिळालं नाही.

निकाल: धाकटे जिंकले, पण काठावर. सेव-उसळ थोरल्यांकडून.

"मावशी, मग आपल्या हार्दिकचं काय? त्याला तर गुजरातने विकलं नव्हतं. तो स्वतः गेला. अहमदाबादला लोकांनी हुर्यो केली ते बरोबरच होतं ना?" (एक विद्यार्थी, गोरवा)

अरे, तू गोरव्यात राहून असं लिहितोस? त्याच गोरव्यात भाड्याच्या घरात हार्दिक आणि कृणाल, ती दोन पोरं वाढली.

पण मुद्दा तुझा बरोबर पकडलास. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय बदली होत नाही, म्हणून राग खेळाडूवर निघतो. हार्दिकने गुजरातला २०२२मध्ये पहिल्याच वर्षी चषक जिंकून दिला, २०२३मध्ये अंतिम सामन्यापर्यंत नेलं, आणि नोव्हेंबरात रोख पैशांवर मुंबईला गेला. महिनाभरात मुंबईने पाच चषक जिंकणाऱ्या रोहितकडून कप्तानी काढून याला दिली. आता यातलं हार्दिकने किती ठरवलं आणि मालकांनी किती? कप्तानीची माळ त्याने स्वतःच्या गळ्यात घालून घेतली नव्हती. पण वानखेडेवर मालकांना हुर्यो करता येत नाही, ते काचेच्या आड बसतात. मैदानावर जो दिसतो त्याला ऐकावं लागतं. त्या वर्षी मुंबई तळाला गेली, आणि जूनच्या शेवटी याच हार्दिकने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक टाकलं. पाच दिवसांत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला.

लोक असेच असतात. मीही असतेच. २०२४च्या डिसेंबरात मेट्सने यांकीजचा हुआन सोटो पंधरा वर्षांच्या, साडेशहात्तर कोटी डॉलरच्या करारावर आणला तेव्हा मी पेढे वाटले. आमच्याकडे आला तर स्वाभिमानी, दुसरीकडे गेला तर पैशाचा लोभी!

"मी बँकेतून निवृत्त झालो आहे. शोहेई ओतानीचा करार ७० कोटी डॉलरचा, पण तो वर्षाला फक्त २० लाख घेतो असं जावई सांगतो. हे कसं शक्य आहे? की जावई थापा मारतो?" (कारेलीबाग)

जावई खरं बोलतोय, साहेब. आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण इथे माझी नोकरी कामाला येते.

२०२३च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने ओतानी या जपानी खेळाडूला दहा वर्षांसाठी ७० कोटी कबूल केले. त्यातले ६८ कोटी मागे ठेवले. दहा वर्षं तो वर्षाला २० लाख घेणार, आणि २०३४ ते २०४३ दरवर्षी ६ कोटी ८० लाख. व्याज शून्य. आता तुम्ही बँकेतले, तुम्हाला सांगायला नको की २०४०चा डॉलर म्हणजे आजचा डॉलर नव्हे. म्हणूनच लीगच्या कराच्या वहीत (कर कसला ते पुढे सांगते) हा करार वर्षाला साधारण ४ कोटी ६० लाखांचाच धरला जातो, ७ कोटींचा नाही. ७० कोटी हा आकडा मथळ्यासाठी.

मग ओतानी मूर्ख का? मुळीच नाही. जाहिरातींतून त्याला भरपूर मिळतं. आणि राहिलेल्या पैशांतून संघ दुसरे चांगले खेळाडू आणू शकतो. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षांची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, डॉजर्सने जिंकली. शिवाय त्याने एक अट घातली की संघाचा मुख्य मालक किंवा मुख्य कारभारी यांपैकी कोणी सोडून गेला तर मलाही मोकळं व्हायची मुभा. हे वाचून मी टाळी वाजवली. पैसा उद्याचा घ्यायचा तर उद्या गल्ल्यावर कोण बसणार हे आज लिहून घ्यायला नको?

आता आमच्या मेट्सची जुनी लाज सांगते. दरवर्षी १ जुलैला अमेरिकेत लोक "बॉबी बोनिया दिवस" साजरा करतात. २००० साली मेट्सला हा खेळाडू नको होता, पण त्याचे ५९ लाख डॉलर देणं होतं. ते तेव्हा न देता ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले. २०११ पासून २०३५ पर्यंत दरवर्षी ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर. साठी ओलांडलेला गृहस्थ, बॅट कधीच खुंटीला टांगलेली, आणि मेट्सच्या वहीत अजून पगार चालू. सगळे हसतात.

मी एका दुपारी नातवाच्या वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. ५९ लाख, ८ टक्के, अकरा वर्षं: १ कोटी ३७ लाख ५० हजारांच्या आसपास. आता एवढ्या रकमेवर पंचवीस वर्षांची वार्षिकी, म्हणजे दरवर्षीचा सारखा हप्ता, त्याच दराने काढा, पहिला हप्ता लगेच. येतं तेच, जवळजवळ १२ लाख. म्हणजे फसवलं कोणी नाही कोणाला! हे साधं वार्षिकीचं कोष्टक आहे, आमच्या टेबलावर काचेखाली असायचं तसं. दर मात्र ८ टक्के का मान्य केला, तर मालकांना वाटत होतं की आपला पैसा दुसरीकडे त्याहून जास्त कमावतोय. ते "दुसरीकडे" पुढे बुडालं. नातू म्हणाला, आजी, हे सगळ्यांना सांग, शाळेत मला चिडवतात. म्हणून सांगितलं.

"आयपीएलसारखी खर्चाची मर्यादा बेसबॉलमध्ये का नाही? श्रीमंत संघच जिंकणार मग." (एक गृहिणी, रावपुरा)

मर्यादा नाही, दंड आहे. ठरलेल्या रेषेवर (२०२५मध्ये ती २४ कोटी १० लाख डॉलर होती) जेवढा पगार जाईल त्यावर कर, आणि वर्षानुवर्षं जात राहिलात तर कराचा दर चढत जातो. आयपीएलमध्ये २०२५साठी १२० कोटी रुपये म्हणजे १२० कोटी, पुढे दार बंद. १९९४मध्ये मालकांनी तशी मर्यादा आणायचा प्रयत्न केला तेव्हा खेळाडू ऑगस्टात संपावर गेले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच झाली नाही. युनियन म्हणजे काय असते ते तिथे बघावं.

"जुलैच्या शेवटी संघ आपले चांगले खेळाडू विकतात आणि कोवळी पोरं घेतात. जिंकायचं नाही का त्यांना?" (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, फतेगंज)

जिंकायचं असतं, पण यंदा नव्हे. करार वर्षअखेरीस संपणारच असेल तर खेळाडू फुकट जाण्याआधी त्याच्या बदल्यात दोन-तीन होतकरू मुलं घ्यायची. त्या मुलांना पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावर ठेवता येतं आणि सहा वर्षं ती कुठे जाऊ शकत नाहीत, हे खरं मर्म.

उलट बाजूने बघ. २०१६मध्ये शिकागो कब्ज १९०८ पासून चषकाविना होते. त्यांनी यांकीजकडून आरोल्डिस चॅपमन नावाचा तुफान वेगाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, घेतला, बदल्यात ग्लेबर टोरेस हा त्यांचा सर्वांत गुणी मुलगा दिला. लग्नापुरती भांडी भाड्याने आणावीत आणि त्यासाठी घरचं शेत लिहून द्यावं तसं. चॅपमन डिसेंबरात पुन्हा यांकीजकडेच गेला. टोरेसही तेव्हा तिथेच होता. पण १०८ वर्षांनी चषक आला होता. शिकागोत कोणाला विचार, शेत गेल्याचं दुःख आहे का ते.

मात्र डावपेच अति झाले की मला राग येतो. २०२०च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टँपाचा पिचर ब्लेक स्नेल सहाव्या डावात एका धावेने पुढे, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलेलं, म्हणजे फटका न मारू देता बाद, फक्त ७३ चेंडू टाकलेले. व्यवस्थापकाने त्याला काढला, कारण आकडेवारी सांगते की तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की पिचर मार खातो. नव्या पिचरला पहिल्याच फलंदाजाने, मुकी बेट्सने, दोन बेसचा फटका मारला आणि सामना फिरला. बेट्सला त्याच वर्षी बोस्टनने पगार परवडत नाही म्हणून डॉजर्सला दिलं होतं. दांडिया बाजारच्या थोरल्या भाऊंनी हे वाचलं असेल तर पाणी प्यावं.

"माझं वय ८८. १९४७च्या मार्चमध्ये वडिलांच्या खांद्यावर बसून मी हजारे आणि गुल महंमद यांची भागीदारी पाहिली. तेव्हा खेळाडू गावासाठी खेळत. हा बाजार तुम्हाला कसा आवडतो?"

काका, आधी नमस्कार. रणजीच्या अंतिम सामन्यातली बडोद्याची ५७७ धावांची ती भागीदारी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला पत्र लिहितो यानेच मी दिवसभर घरात सांगत सुटले. तीन बाद ९१ वर एकत्र आले, गुल महंमद ३१९, हजारे २८८. होळकरांचा एक डाव आणि ४०९ धावांनी पराभव. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये जगात कुठल्याही जोडीची याहून मोठी भागीदारी व्हायला २००६ उजाडावं लागलं.

पण काका, एक विचारू? हजारे सांगलीचे, आधी देवासच्या महाराजांच्या पदरी, मग आपल्या गायकवाडांकडे. गुल महंमद लाहोरचे. समोर होळकरांचे कप्तान सी. के. नायडू नागपूरचे, त्यांना इंदूरला बोलावून लष्करात हुद्दा दिलेला. गावासाठी खेळत होते खरं, पण गाव कोणतं ते महाराज ठरवत होते. पगार क्रिकेटचा नव्हता, फौजेचा होता, एवढाच फरक. आणि बक्षिसाचं आमिषही होतंच. १९४५च्या रणजीच्या अंतिम सामन्यात होळकरांकडून महूच्या छावणीतला इंग्रज डेनिस कॉम्प्टन खेळला. शंभराच्या पुढे प्रत्येक धावेला पैसे देतो असं एका व्यापाऱ्याने कबूल केलं होतं, असं कॉम्प्टन पुढे सांगत असे. त्याने नाबाद २४९ केल्या, सामना तरी मुंबईनेच जिंकला. परत येऊन बघतो तर व्यापारी तातडीच्या कामाने परगावी गेल्याची चिठ्ठी! करार लेखी हवा, काका.

तुम्हाला चालणार असेल तर येत्या रविवारी मी येते. वडिलांच्या खांद्यावरून नेमकं काय दिसत होतं ते मला लिहून घ्यायचं आहे.

"मी सातवीत आहे. बदलीच्या बातमीत 'आणि एक खेळाडू, नाव नंतर ठरेल' असं असतं. म्हणजे काय? असं कसं चालतं?" (मांजलपूर)

चालतं, बाळ. संघ म्हणतो, आत्ता हा खेळाडू दे, बदल्यात कोण ते काही महिन्यांत ठरवू. १९६२मध्ये आमच्या मेट्सने क्लीव्हलंडकडून हॅरी चिटी नावाचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) असाच घेतला, नाव नंतर ठरेल या बोलीवर. एप्रिलमध्ये घेतला. खेळ काही जमेना. जूनमध्ये नाव ठरलं आणि मेट्सने क्लीव्हलंडला खेळाडू पाठवला.

कोण असेल? हॅरी चिटी!